काठी उपटा हो, काठी!

गोल्फ हा साहेबाचा खेळ आहे, श्रीमंतांचा आहे, रिकामटेकड्यांचा आहे, वगैरे तक्रारी मी करणार नाही. माझी तक्रार एका काठीबद्दल आहे. गोल्फच्या भोकात निशाण लावलेली एक काठी उभी असते. ती हल्ली पुष्कळजण उपटतच नाहीत. हे वाईट आहे, असं माझं ठाम मत आहे.

'तुमचा गोल्फशी संबंध काय?' असं तुम्ही विचाराल. काहीही नाही. आमच्या नाट्यात गोल्फ नाही. (राजापूर तालुक्यातलं नाटे. 'मी नाट्यात असतो' म्हटलं की पुण्याचे लोक 'कुठल्या?' म्हणून विचारतात.) इथे यशवंतगड आहे, मुसाकाजीचं बंदर आहे, जांभ्याचा सडा आहे. सड्यावरून चेंडू मारला तर तो भोकात जाण्याऐवजी समुद्रात जायचा. पण माझा मेहुणा मुंबईला गोल्फ खेळतो आणि सुट्टीत इथे आला की मासे खाता खाता मला नियम सांगतो. मी बँकेतला कारकून. खेळ नसला तरी मला नुसते नियम चालतात.

तर भोक सव्वाचार इंच रुंद. हे माप १८९१ साली ठरलं. खोली निदान चार इंच. आमच्या गोट्यांच्या गलीला असलं भाग्य नाही. ज्याच्या टाचेनं खणली त्याच्या टाचेएवढी ती.

जुना नियम असा, की भोकाभोवतीच्या हिरवळीवरून मारलेला चेंडू काठीला लागला तर दोन फटक्यांचा दंड. म्हणून काठी आधी काढायची. लांबून भोक दिसत नसेल तर कोणीतरी ती धरून उभं राहायचं आणि चेंडू येताना उचलायची. हा 'कोणीतरी' म्हणजे कॅडी, आणि कॅडी नसेल तर चक्क प्रतिस्पर्धी! ज्याला हरवायचं त्यानंच तुमची काठी धरायची. शिवाय निशाण फडफडू नये म्हणून कापड मुठीत, सावली भोकावर पडू नये म्हणून अंग बाजूला, दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय नाही, आणि नंतर काठी आपटायची नाही, अलगद ठेवायची. लग्नात जावयाची छत्रीसुद्धा कोणी एवढ्या अदबीनं धरत नाही! बँकेत तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात, त्या एकट्यावर विश्वास नाही म्हणून. इथे एक काठी दुसऱ्याच्या हातात, ती विश्वास आहे म्हणून.

१ जानेवारी २०१९ पासून तो दंड गेला. काठी ठेवा, काढा, नाहीतर कोणाला धरायला सांगा, खेळणाऱ्याची मर्जी. पुढे २०२० साली करोनात काठीला हात लावणंच बंद झालं आणि सवय पक्की झाली.

"भाऊजी, वेळ वाचतो हो!" मेहुणा म्हणतो.

"अरे, चार तासांच्या खेळात? आणि त्या वाचलेल्या वेळाचं करतोस काय?"

यावर त्यानं बांगड्याचा काटा काढायला घेतला. काठी काढत नाही, काटा मात्र काढतो!

बरं, वेळ तरी वाचतो का? चौघांपैकी एकाला काठी हवी, दुसऱ्याला नको, तिसऱ्याला पुन्हा हवी. ती बिचारी आत-बाहेर करते. लांबचा फटका असेल, माणूस एकटाच खेळत असेल, तर काठी राहू द्या. माझी हरकत नाही. पण भोक चार हातांवर असताना, शेजारी सोबती मोकळ्या हातांनी उभा असताना?

पैसे देणारं यंत्र आलं तेव्हाही वेळच वाचणार होता. वाचलाही. पण "काय हो, यंदा मोहोर कसा धरलाय?" हे विचारायला यंत्राला येत नाही. पेन्शनीच्या दिवशी आमची म्हातारी माणसं अजून काउंटरवरच येतात, ती नुसत्या पैशांसाठी नव्हे. वेळ वाचवताना आपण नेमका दुसरा माणूसच वाचवतो, आणि मग दिवसभर कोणी बोलत नाही म्हणून कुरकुरतो.

नियमानं काठी ठेवायची परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. दंड गेला म्हणून रीत जायचं कारण नाही. तेव्हा गोल्फवाल्यांनो, दुसऱ्याची पाळी आली की दोन पावलं पुढे व्हा, "काढू का?" म्हणून विचारा आणि काठी उपटा. हातात पैसा असून दुसऱ्यासाठी काठी धरणारी माणसं या देशात तशी फार नाहीत. आहेत तेवढी तरी राहू द्या!