शस्त्र कोठें थांबावें?

गोदातीरीचें आपलें शहागड १९४८ सालीं निजामाच्या राज्यांत होतें. त्या वर्षीं १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या आणि १७ तारखेस निजामानें शस्त्र खालीं ठेविलें. रझाकारांचा जुलूम पाहतां ही चढाई न्याय्य होती, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. जेथें विनवणी चालत नाहीं, तेथें बळ वापरणें हें पाप नव्हे.

परंतु पुढें काय झालें? उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मृतांचा आंकडा २७ ते ४० हजार धरिला. कांहीं ठिकाणीं सैनिकांचाही लुटींत हात होता, असें तिनें नमूद केलें. हा अहवाल कित्येक दशकें दडून राहिला. (हिंदूंनीं आपल्या मुसलमान शेजाऱ्यांस वांचविल्याच्या नोंदीही त्यांतच आहेत.) रझाकाराचा अपराध त्याच्या गांवच्या विणकराच्या माथीं कसा येतो, हें आम्हांस कोणी समजावून द्यावें. सूड हा युद्धाचाच भाग होय, असें म्हणणारे भेटतात. मग हाच युक्तिवाद रझाकारासही मोकळा राहतो.

दरवर्षीं १७ सप्टेंबरला मराठवाड्यांत मुक्तिदिनाचा ध्वज उभारतात. त्या सभेंत या मृतांचाही उल्लेख व्हावा, एवढीच आमची मागणी आहे.