त्याची झोप कोण राखणार?

माझ्या थोरल्या आपांचा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे आणि वाकडला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. तीन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये आम्हा सगळ्यांना त्याचं फार कौतुक वाटत होतं. तरावीह पढून घरी आला की तो पुन्हा मुसल्ल्यावर उभा राहायचा. सहरीपर्यंत कुरआन, फजरनंतर लगेच लॅपटॉप. थकवा म्हणून नाही. बोलणं इतकं भरभर की दुसऱ्याला तोंड उघडायला सवड मिळेना. एका आठवड्यात त्यानं क्रेडिट कार्डावर पाचशे जणांच्या इफ्तारीची ऑर्डर दिली, सोसायटीच्या वॉचमनला नवा मोबाईल घेऊन दिला आणि नात्यातल्या तीन म्हाताऱ्यांना उमऱ्याला पाठवायचं कबूल केलं. आपा सोलापूरहून फोनवर सांगायच्या, "पोराला अल्लाहनं हिदायत दिली." मीही माशाअल्लाह म्हटलं.

शंका आली ती फक्त त्याच्या बायकोला. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "खाला, हे चार रात्री डोळ्याला डोळा लावलेले नाहीत. काही बोललं की अंगावर येतात." मी तिला सांगितलं, "सबर कर बेटा, तो इबादतीत आहे." हे माझं वाक्य मला अजून टोचतं.

ईदनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी हाच मुलगा अंथरुणातून उठेना. आंघोळ नाही, नमाज नाही, रजा संपत आलेली. ज्यांनी आधी वाहवा केली होती तेच म्हणू लागले, रमजान सरला आणि ईमान कमजोर झालं. कुणी नजर लागली म्हटलं. सोलापूरहून तावीज आलं. मग एका रात्री त्यानं बायकोला शेजारी बसवून एलआयसीचे कागद कुठं ठेवलेत, पैसे कसे मागायचे, हे अगदी शांतपणे समजावून सांगितलं. ती मुलगी हुशार. सकाळ व्हायची वाट न पाहता तिनं भावाला बोलावलं आणि दोघांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं.

बायपोलर, म्हणजे उन्माद आणि उदासी यांच्या पाळीपाळीनं येणाऱ्या लाटा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या चार रात्रींबद्दल. आम्ही ज्याला हिदायत म्हणत होतो तिथं आजार सुरू झाला होता. इबादत आणि उन्माद यांत फरक कसा करायचा, असं मला आता बायका विचारतात. मी एवढंच सांगते की इबादतीनं माणूस निवतो. झोपेची गरजच वाटेनाशी झाली, पैसा पाण्यासारखा जाऊ लागला आणि अडवलं की संताप होऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

त्याला लिथियम सुरू झालं. मोरोक्कोच्या कासाब्लांका शहरातल्या डॉक्टरांनी लिथियम घेणाऱ्या वीस बायपोलर रुग्णांना रमजानभर तपासलं होतं. तो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्म्यांचा आजार त्या महिन्यात उलटला, बहुतेकांचा उन्मादाच्या बाजूनं. रक्तातल्या लिथियमच्या प्रमाणाशी त्याचा संबंध दिसला नाही. संशय गेला तो दिनक्रम आणि झोप विस्कटण्यावर. पेशावरच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये मांडलेल्या अभ्यासात मात्र आजार स्थिर असलेल्या रुग्णांच्या रक्तातलं लिथियम रोज्यांमुळे फारसं बदललं नव्हतं. म्हणजे सगळ्यांना एकच फतवा लागू होत नाही. रोजा धरायचा की नाही, गोळी इफ्तारला घ्यायची की झोपताना, हे डॉक्टरांना महिनाभर आधी विचारायचं. उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटलं, जुलाब-उलट्या झाल्या किंवा आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, तर लिथियम रक्तात साठून अंगावर येऊ शकतं. गोळी मनानं बंद करायची नाही. आजाऱ्याला दीननं रोज्यात सवलत दिली आहे आणि मनाचा आजारी हाही आजारीच. इमामसाहेबांना विचाराल तर तेही हेच सांगतील.

पण डॉक्टर महिन्यातून पंधरा मिनिटं भेटतात. उरलेल्या दिवसांत त्याची झोप कोण राखणार? बायकोची स्वतःची नोकरी आहे, पदरात लहान मूल आहे. वाकडच्या उंच इमारतींत दारं बंद असतात. माहेर लातूरला आणि सासर सोलापूरला.

पुण्यात या प्रश्नाचं उत्तर शोधणारी माणसं आधी होऊन गेली आहेत. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' हा 2004 चा चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून आला. आजार वेगळा असला तरी घरच्यांचं ओझं तेच. धायरीला असलेल्या या संस्थेत आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला हे दोन शब्द फार आवडतात. 'पेशंट' आणि 'बिचारी त्याची बायको' या आपल्या शब्दांपेक्षा कितीतरी बरे. अशा स्वमदत गटात डॉक्टरी होत नाही. "माझ्या नवऱ्यानं पण कार्डावर दीड लाख उडवले होते, मग आम्ही कार्डाची मर्यादा कमी करून घेतली," असं एक बाई दुसरीला सांगते. दुसरीला तेवढ्यानं धीर येतो आणि एक उपायही मिळतो.

आपल्या समाजात हे नवीन नाही. दहाव्या शतकात अबू जैद अल-बल्खी या आलिमांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एकत्रच किताब लिहिली. कारण असलेली उदासी आणि कारणावाचून येणारी उदासी त्यांनी वेगळी सांगितली आणि दुसरीचं मूळ शरीरात आहे असं म्हटलं. आपण मात्र अजून आसेबावर अडलोय. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली 28 माणसं जळून गेली. त्यांच्याच नातलगांनी त्यांना बरं व्हायला तिथं ठेवलं होतं. माणसाला साखळी घालायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आता पूर्ण बंदी आहे. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर दुसरी वाट धरली गेली. तिथं 'दवा आणि दुआ' उपक्रमात मुजावरांना आजाराची लक्षणं शिकवली. दुआ झाली की ते माणसाला तिथल्याच डॉक्टरांकडे पाठवतात. येणाऱ्याची श्रद्धा मोडली नाही आणि औषधही पोटात गेलं.

आमच्या इथे जुम्याला इतकी माणसं एकत्र येतात, बायकांचे इज्तिमे होतात, लग्नं जुळतात, मय्यतीला खांदे मिळतात. मग या आजारालाच घरात कोंडून का ठेवायचं? मुलीचं लग्न जुळणार नाही, ही भीती मला कळते. आमच्याच नात्यात एक स्थळ या बातमीवरून परत गेलं. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

वाकडहून जवळ सरकारी सोय म्हणजे औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय. रात्री-अपरात्री 14416 हा टेलिमानसचा नंबर. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आणखी एक काम तब्येत बरी असतानाच करून ठेवावं. पुन्हा लाट आली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीनं निर्णय कोण घेईल, हे लिहून ठेवायचा हक्क त्याच कायद्यानं दिला आहे. वसीयत लिहिणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये.

भाच्यानं असा कागद लिहिला. त्यात प्रतिनिधी म्हणून आईचं नाव न घालता बायकोचं घातलं. आपा महिनाभर रुसल्या होत्या.

गेल्या रमजानमध्ये डॉक्टरांनी त्याला रोजे नको म्हणून सांगितलं. फिदिया दिला. तो इशा जमातीनं पढून घरी यायचा आणि आठ रकाती घरीच पढायचा. साडेदहाला मी फोन करायचे, "झोपलास का रे?" सहरीला त्या घरात भांडं वाजायचं नाही. बायकोची सहरी आमच्याकडे व्हायची. पंधराव्या रात्री त्यानंच मला फोन केला. "खाला, आज झोप येत नाहीये आणि डोक्यात फार भारी भारी कल्पना येतायत." आम्ही सकाळीच डॉक्टरांकडे गेलो.

माझ्या बैठकीच्या खोलीत आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुहरनंतर सात-आठ बायका जमतात. त्यातली एक काळेवाडीहून दोन रिक्षा बदलून येते. घरी सांगताना ती शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगते.