धनुष्य धरणारी मूठ

नेमबाजीचा विषय निघाला की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो पोपटाचा डोळा. अर्जुनाला त्या डोळ्याखेरीज काही दिसत नव्हते, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्या वेळी त्याने धनुष्य कसे धरले होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि नेम बिघडतो तो पुष्कळदा तिथेच!

जपानी लोकांनी हा प्रश्न फार मनावर घेतला. त्यांच्या धनुर्विद्येला, म्हणजे क्यूदोला, धनुष्य धरणाऱ्या मुठीसाठी स्वतंत्र शब्दच आहे: तेनोउची, 'हाताच्या आत'. तिकडचे धनुष्य २२१ सेंटीमीटर, माणसाहून उंच. मूठ मध्यावर नसते, खालून साधारण तिसऱ्या हिश्शावर असते. बाण टेकतो तो धनुष्याच्या उजव्या अंगाला, आणि खरी मेख इथे आहे. सुटलेली दोरी धनुष्याच्या मध्याकडे धावते. बाणाला मात्र बाजूने निसटायचे असते. धनुष्य गच्च आवळून धरले, तर ते वाटेत ठाण मांडून बसते आणि बाणाला उजवीकडे ढकलते. लक्ष्य २८ मीटरवर, रुंदी अवघी ३६ सेंटीमीटर. बाणाची दिशा अर्धा अंश बदलली, तर तिथे पोहोचेपर्यंत वीतभर फरक पडतो. म्हणजे लक्ष्य गेलेच!

मग सैल धरावे काय? छे, मग धनुष्य हातात घसरते आणि प्रत्येक बाण निराळ्या ठिकाणी जातो. गुरुजी सांगतात, मुठीत अंडे आहे असे समजा. फुटता कामा नये आणि पडताही कामा नये. तळहाताची हृदयरेषा धनुष्याच्या डाव्या कडेला लावायची. (हस्तरेषांचा इतका रोकडा उपयोग आपल्या ज्योतिषांनाही सुचला नसेल!) करंगळी पक्की, तळवा पोकळ. अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी, जिला ते 'वाघाचे तोंड' म्हणतात, धनुष्याला किंचित पीळ देत राहते. बाण सुटताच त्या पिळाने धनुष्य डावीकडे वळते, बाणाला वाट देते आणि तसेच गरकन फिरून दोरी मनगटाच्या बाहेरच्या अंगाला येते. नवशिके हे फिरणे पाहून मनगटाला मुद्दाम हिसका देतात, आणि तिथेच फसतात. घरातल्या गृहिणींना हे चटकन उमजेल. लाटण्याखाली पोळी फिरवावी लागत नाही. दाब बरोबर असला की तीच फिरते.

या मुठीची खरी कसोटी क्योतोच्या सान्जुसान्गेन्दो मंदिरात लागे. तिथल्या सुमारे १२० मीटर लांब ओसरीतून, छताला न लागता, चोवीस तासांत जास्तीत जास्त बाण पार करायचे. १६६९ साली होशिनो कान्झाएमोनने ८,००० बाण पार केले. १६८६ साली वासा दाइहाचिरो उभा राहिला. त्याने १३,०५३ बाण सोडले, मिनिटाला नऊ! असे सांगतात, की मध्येच त्याचा डावा हात रक्त साकळून सुजला, मूठ मिटेना की सुटेना, आणि बाण भरकटू लागले. तेव्हा होशिनो स्वतः पुढे झाला आणि लहानशा सुरीने त्याने तो तळहात चिरून साकळलेले रक्त काढले. वासाने पुन्हा धनुष्य धरले. दिवसअखेर त्याचे पार गेलेले बाण भरले ८,१३३, आणि मोडला गेला तो होशिनोचाच विक्रम.