हातात झेंडा, खिशात अर्ज

१५ ऑगस्ट जवळ आला की शाळेत दोन कामे एकदम सुरू होतात. मैदानावर कवायतीचा सराव आणि वर्गात ‘माझा देश’ या विषयावर निबंध. पाचवी-सहावीची मुले भरभरून लिहितात. हिमालय, गंगा, ताजमहाल, चांद्रयान, सगळे येते. नववी-दहावीत निबंध आखूड होत जातो. आणि शाळा सोडून पाच-सात वर्षे झालेला एखादा जुना विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतो, तो या विषयावर बोलणेच टाळतो. बी.कॉम. झालेल्या अशाच एका मुलाने मागच्या वर्षी हसत हसत मला म्हटले, "मॅडम, देशाचा अभिमान बाळगायला तुम्ही शिकवलंत. पण बाळगून पुढं काय करायचं, ते शिकवायचं राहिलं."

त्याच्या बोलण्यात बेअदबी नव्हती, थकवा होता. हा थकवा आज घराघरांत आहे. म्हणून या महिन्यात त्याच्याविषयीच बोलू या.

चंद्रावर पाऊल, भरतीत रांग

२३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. चंद्रावर अलगद यान उतरवणारा भारत चौथा देश ठरला. त्याच्या आदल्या वर्षी आपली अर्थव्यवस्था ब्रिटनला मागे टाकून जगात पाचव्या क्रमांकावर आली होती. या गोष्टींचा आनंद खरा आहे आणि तो आपलाही आहे. कुणी वाटून दिला तरच घ्यायचा, असा तो नाही.

पण त्याच २०२३ साली महाराष्ट्रात तलाठी भरती निघाली. जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांवर. खुल्या प्रवर्गाला अर्जाची फी एक हजार रुपये, राखीवला नऊशे. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले तुम्हीही पाहिली असतील. त्यांतली नव्याण्णव परत घरीच येणार असतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर एक अहवाल काढला. त्यातला एक आकडा प्रत्येक आईबापाने समजून घ्यावा असा आहे. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के होती आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. शिकलेला जास्त रिकामा, हे ऐकायला उलटे वाटते. पण कारण साधे आहे. न शिकलेला माणूस रिकामा राहूच शकत नाही. तो हमालीला जातो, गाडा लावतो, मिळेल ते करतो. पदवीधर आपल्या शिक्षणाला शोभेल अशा कामाची वाट पाहतो आणि तशी कामे फार थोडी आहेत. तो वाट पाहतो तेव्हा खर्च घरचे करतात. पुण्यातली खोली, खाणावळ, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज. अब्बूंचे गॅरेज किंवा अम्मीची शिलाई मशीन हे सारे ओढत असते.

एवढे करून परीक्षा तरी नीट व्हावी ना? फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात ६०,२४४ पोलीस शिपायांसाठी परीक्षा झाली. ४८ लाखांवर अर्ज होते. पेपर फुटला आणि परीक्षा रद्द झाली. आपल्याकडेही २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहारही उघड झाला, त्यात हजारो उमेदवारांचे निकाल पैसे घेऊन बदलल्याचे तपासात आढळले. जून २०२४ पासून पेपरफुटीविरुद्ध केंद्राचा कायदा लागू झाला, हे चांगले झाले. पण ज्याची दोन-तीन वर्षे गेली त्याला ती कोण परत देणार?

सैन्याचा रस्ताही बदलला. खेड्यातल्या मुलांसाठी देशप्रेम आणि पोटपाणी यांची गाठ बांधणारी ती एक जागा होती. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता चार वर्षांची सेवा आणि चौघांपैकी फार तर एकाला पुढे कायम होण्याची संधी. उरलेल्या तिघांनी पंचविशीच्या आत निवृत्त होऊन पुन्हा अर्ज भरायचे.

इथवर जे लिहिले ते कोणत्या एका समाजाचे दुःख नाही. या रांगेत रमेश आहे आणि रशीदही आहे.

आपल्या मुलांवरचा दुहेरी भार

रशीदवर मात्र आणखी एक ओझे आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, तेव्हा आयएएस अधिकाऱ्यांत मुसलमान ३ टक्के होते आणि आयपीएसमध्ये ४ टक्के. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला होकारार्थी उत्तर मिळण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. दलित नावालाही कमीच मिळाली.

महाराष्ट्रात २०१४ साली पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातला भाग राहू दिला. तरी कायदा झाला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती केंद्राने बंद केली आणि पीएच.डी. करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. ज्यांच्या नावे ती फेलोशिप होती ते या देशाचे पहिले शिक्षणमंत्री. त्यांच्या काळात खरगपूरची पहिली आयआयटी उभी राहिली. ‘भारत छोडो’ ही घोषणा मुंबईच्या युसूफ मेहेरअलींनी दिली. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या रणांगणावर शत्रूचे रणगाडे उडवून शहीद झालेले अब्दुल हमीद एका शिंप्याचे चिरंजीव होते. तरीही आपल्या मुलाला सोसायटीत, कॉलेजात, कधी प्रवासात देशप्रेमाचा दाखला मागितला जातो. ज्याला स्वतःच्या देशात पुन्हा पुन्हा विचारले जाते, त्याच्या मनातला अभिमान हळूहळू सुकत जातो.

पण पालकांना मला इथे एक गोष्ट सांगायची आहे. ही दोन खाती एकत्र करू नका. सतरा लाखांतून आपला मुलगा राहिला, तर त्याच्यासोबत इतर समाजांची लाखो मुलेही राहिली आहेत. प्रत्येक वेळी "नावामुळे झालं" असे आपण म्हटले, तर पेपरात कुठे गुण गेले हे तो बघणारच नाही. उलट "नावाने काही फरक पडत नाही, तूच कमी पडलास" असे म्हटले, तर तो आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, कारण फरक पडतो हे त्याने पाहिले आहे. कोणत्या वेळी काय घडले हे त्याच्यासोबत बसून पाहावे लागते. त्याला वेळ लागतो, पण तेच खरे काम आहे.

कुऱ्हाडीचा दांडा

भाषणांत एक वाक्य हदीस म्हणून नेहमी सांगितले जाते, वतनावरचे प्रेम हा ईमानचा भाग आहे असे. हदीसच्या जाणकारांनी ते प्रेषितांचे (स.) वचन म्हणून प्रमाण मानलेले नाही. पण त्यामुळे वतनावरचे प्रेम परके ठरत नाही. मक्का सोडताना प्रेषित मुहम्मद (स.) त्या शहराकडे पाहून काय बोलले ते तिर्मिझीत आले आहे. ते शहर त्यांना किती प्रिय होते आणि लोकांनी बाहेर काढले नसते तर ते गेले नसते, असा त्याचा आशय आहे. ज्या शहराने छळले त्याच्यावरही त्यांचे प्रेम होते. दुसऱ्या बाजूने त्यांनी ‘असबियत’ काय तेही स्पष्ट केले. आपल्या लोकांवर प्रेम करणे म्हणजे असबियत नव्हे, अन्यायात आपल्या लोकांना साथ देणे म्हणजे असबियत. अभिमान कुठवर चांगला आणि कुठून वाईट, याची रेघ इथे आखलेली आहे.

आणि रोजगाराबद्दल? अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. एक गरजू अन्सारी मागायला आला. प्रेषितांनी (स.) विचारले, घरात काय आहे? एक जाडे कापड आणि पाणी प्यायचे भांडे एवढेच होते. त्यांनी ते मागवले, लोकांसमोर बोली लावली आणि दोन दिरहमला विकले. एक दिरहम घरच्या अन्नासाठी दिला, दुसऱ्यातून कुऱ्हाड आणायला लावली. तिला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकायला सांगितले. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

या प्रसंगातून आपण कष्टाचा धडा काढतो, तो बरोबरच आहे. पण दांडा कोणी बसवला तेही पाहावे. समाजाच्या प्रमुखाने नुसता उपदेश केला नाही. भांडवल उभे करून दिले, चांगला भाव काढून दिला, अवजार तयार करून दिले आणि मुदतही ठरवून दिली. तरुणांनी मेहनत करावी असे म्हणण्याचा अधिकार त्यानंतर येतो. सरकारला हे लागू आहे, समाजाच्या पुढाऱ्यांना लागू आहे आणि आपल्या मशिदी-मोहल्ल्यांच्या कमिट्यांनाही लागू आहे.

शाळेत रोज म्हटली जाणारी प्रतिज्ञाही नीट वाचली तर हेच सांगते. तिच्यात अभिमान आहे तो परंपरांच्या विविधतेचा, आणि शेवट देशबांधवांच्या कल्याणापाशी होतो. अभिमानापुढे काय करायचे, या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. मोठी माणसे ती शाळेतच ठेवून येतात, एवढेच.

घरापासून काय करता येईल

पहिले, मुदत ठरवा. स्पर्धा परीक्षा द्यायची तर जरूर द्या, पण किती प्रयत्न ते आधी घरात बसून ठरवा आणि सोबत दुसरा रस्ता चालू ठेवा. आयटीआय, डिप्लोमा, अकाउंटचा कोर्स, अब्बूंच्या धंद्यात अर्धा दिवस, काहीही चालेल. पाच-सहा वर्षे फक्त ‘तयारी’ करणाऱ्या मुलाला नंतर कुठेही सुरुवात करणे जड जाते.

दुसरे, मुलींची मुदत वेगळी ठेवू नका. भावाला चार प्रयत्न आणि बहिणीला एक, तोही स्थळ येईपर्यंत, असे अनेक घरांत चालते. माझ्या अनुभवात मुली जास्त चिकाटीने अभ्यास करतात. न्याय देशाकडे मागायचा तर घरातही दिसला पाहिजे.

तिसरे, कागदपत्रे. हे काम कंटाळवाणे आहे, पण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ लिहिलेले असते. त्या काळच्या गुरुजींनी विचारले नाही, आजोबांनी सांगितले नाही आणि नातू पन्नास-साठ वर्षांनी अडकतो. म्हणून वडिलांकडच्या सगळ्या नात्यांत शोधा. चुलत आजोबा, आत्या, त्यांचे शाळेचे दाखले, गावचे जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर, जमिनीचे जुने कागद. कुठेतरी एका नोंदीत ‘पिंजारी’ किंवा ‘तांबोळी’ सापडते आणि संपूर्ण घराण्याचे काम होते. ज्यांची जात कोणत्याच राखीव यादीत नाही, त्यांनी उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील तर आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. तो धर्म पाहून नाकारला जात नाही. तरी आपल्यातले कितीतरी पालक खुल्या प्रवर्गात हजार रुपये भरून मोकळे होतात.

हे काम बारावीच्या निकालानंतर, तहसीलमध्ये रांग लागते तेव्हा करू नका. मूल आठवी-नववीत असतानाच करा. जुमाच्या नमाजनंतर मशिदीत एक टेबल मांडून, दोन शिकलेली मुले बसवून ही कागदपत्रे पाहता येतील. कुऱ्हाडीला दांडा बसवण्यासारखेच हे काम आहे, आणि त्याला ना मोठी देणगी लागते ना कुणाची परवानगी.

चौथे, घरातली भाषा. "या मुल्कात आपलं काही होणार नाही" हे वाक्य आपण चहा पिता पिता सहज बोलतो. आपल्याला ती नुसती कुरकुर वाटते, ऐकणारे दहा वर्षांचे मूल मात्र ते कायमचे लक्षात ठेवते. तक्रार करायची तर नेमकी करा: कोणती भरती अडली, कोणती शिष्यवृत्ती बंद झाली, कोणाकडे निवेदन द्यायचे. भरतीचे वेळापत्रक पाळा, फी कमी करा, पेपर सुरक्षित ठेवा, या मागण्या आपल्या एकट्याच्या नाहीत. त्या रमेशच्या आईवडिलांच्याही आहेत. त्यांच्यासोबत त्या मागता येतील, आणि तसे मागणे हेसुद्धा देशप्रेमच आहे.

या १५ ऑगस्टला झेंडावंदनाला मुलांना घेऊन जरूर जा. आणि तो सुट्टीचा दिवस आहे, तेव्हा दुपारी घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडून आजोबांच्या शाळेचा दाखला शोधा. सापडला नाही तर ते कोणत्या गावच्या शाळेत शिकले, एवढे तरी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. शाळा उघडली की मुख्याध्यापकांना अर्ज देऊन रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा मागता येतो.