दहा नावे, एक साक्षीदार

गेल्या श्रावणात माझी पुतणी कॉलेजचा प्रकल्प घेऊन घरी आली. विषय होता शिवजन्माच्या तिथीचा वाद. बारा पानांचे छापील बाड, वर चकचकीत वेष्टन आणि शेवटी दहा संदर्भांची यादी. “काका, दहा संदर्भ दिले की त्याचे दहा गुण वेगळे,” ती म्हणाली. “अगं, पण वाचलेस का ते?” मी विचारले. ती नुसती हसली. संदर्भ वाचायचे असतात, हे बिचारीला कोणी सांगितलेच नव्हते!

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणजे खोटे रचणे हा माझा जोडधंदाच. त्यामुळे दुसऱ्याने रचलेले चटकन ओळखू येते. यादीतली सात संकेतस्थळे तिच्याच फोनवर उघडली. सातही ठिकाणी तीच वाक्ये, तीच शुद्धलेखनाची चूक. एकाने लिहिले, सहांनी उतरवले. दोन परीक्षेची गाइडे. दहावे पुस्तक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने सुचवलेले. लेखक, प्रकाशक, साल, सगळे कसे झोकात! आमच्या ग्रंथपालांनी दोन दिवस सूच्या चाळल्या. त्या नावाचे पुस्तक कुठेच नाही. कादंबरीकार म्हणून मला त्या यंत्राचा क्षणभर हेवा वाटला.

पोरीला मी दोष देणार नाही. माझे भांडण तिच्या प्राध्यापकांशी आहे. यादी मोजायला एक बोट पुरते, तपासायला एक दुपार लागते. प्राध्यापकांनी बोट वापरले. प्रकल्पात ‘जन्म १६२७, काहींच्या मते १६३०’ असे लिहिले होते. हे ‘काही’ कोण, हे कोणी विचारले नाही, आणि गुण मात्र पुरे मिळाले!

आणि विषय किती सुरेख दिला होता! १६२७ साल येते मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून: शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया. ही बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जन्मानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी. पुढे १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. महाराजांच्या पदरी असलेल्या परमानंद कवीच्या संस्कृत ‘शिवभारता’त तीच तिथी. थेट जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीतही तीच! मावळातले देशमुख, दरबारचा कवी आणि मारवाडातला ज्योतिषी यांनी एकमेकांच्या वह्या पाहून लिहिले असेल, असे कोण म्हणेल? हे तीन साक्षीदार. पुतणीची सात संकेतस्थळे मिळून एकच, आणि तोही ऐकीव.

जुने ते सारे खरे, असेही मी म्हणत नाही. परमानंद कवी आपल्या धन्याचा पराक्रम गाणारा. शत्रूचे किती पडले हे त्याच्याकडून घेताना मी हात आखडता घेईन. पण जन्मतिथी चुकवून त्याला काय मिळणार होते? कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणासाठी लिहिले, एवढे विचारायला एम. ए. लागत नाही. भाजीवालीशी घासाघीस करताना आमची आई रोज हेच करी.

प्राध्यापकमहाशय म्हणतील, मुलांना अस्सल साधने मिळणार कुठे? अहो, राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांचे दप्तर उघडवून कागद जमवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे बावीस झाले. आज अशा कितीतरी जुन्या ग्रंथांची पाने घरबसल्या पडद्यावर दिसतात. ज्या फोनवर ती सात नकला सापडल्या, त्याच फोनवर! पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे एक दिवस वर्ग नेला असता, तर सहलीच्या खर्चात भागले असते.

परवा पुतणी फराळाला आली, ती वही घेऊनच. “काका, शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो ना? मग १५५१ चे १६२९ व्हायला हवेत. १६३० कसे?”

“फाल्गुन कोणत्या महिन्यात येतो?”

“फेब्रुवारी-मार्च... म्हणजे इंग्रजी वर्ष बदललेले असते. ७९ मिळवायचे!”

चकली तशीच हातात धरून ती १९ फेब्रुवारीचा वार काढायला बसली.