म्हणे सहाव्या भागात काही घडतच नाही!

"सहावा भाग सोडून दे, त्यात नुसतं वाळवंट आहे." नेओमी नोविकच्या 'टेमरेअर' मालिकेबद्दल हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय, की आज भांडायचंच ठरवलंय. (नातेवाईक मंडळी, तुम्हीसुद्धा त्यात आलात! आणि पुढे गोष्ट बरीच फुटणार आहे, तेव्हा सांभाळून.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेपोलियनचा काळ, तीच युद्धं, फक्त सैन्यात बोलणारे, विचार करणारे ड्रॅगन. टेमरेअर हा चिनी ड्रॅगन, लॉरेन्स त्याचा इंग्रज कप्तान. २००६ ते २०१६, नऊ कादंबऱ्या. चौथ्या भागात इंग्रज सरकार शत्रूच्या ड्रॅगनांत मुद्दाम रोग पसरवतं आणि हे दोघे औषध घेऊन थेट फ्रान्स गाठतात. राजद्रोहच तो! शेवटी रवानगी ऑस्ट्रेलियात. 'टंग्ज ऑफ सर्पंट्स' हा २०१० चा सहावा भाग तिथे घडतो. ड्रॅगनचं एक अंडं चोरीला जातं आणि त्याच्या मागे अख्खा खंड पालथा घालावा लागतो.

मोठी लढाई नाही, कबूल. पण जर-तरचा इतिहास म्हणजे फक्त लढाई का? नारळीकरांचं 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवा. त्यातली खरी गंमत पानिपतात नाही, निकाल उलटल्यावर दिसणाऱ्या वेगळ्याच मुंबईत आहे.

इथेही तेच. खऱ्या इतिहासात इंग्रजांनी १७८८ मध्ये सिडनीला कैदी उतरवले आणि हळूहळू सगळा खंड 'कुणाच्याच मालकीचा नाही' म्हणून गिळला. हे चूक होतं असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला १९९२ उजाडलं. कादंबरीत मात्र वाळवंट ओलांडून उत्तर किनाऱ्यावर पोचावं तर काय? चिनी लोक तिथल्या मूळ रहिवाशांबरोबर आधीच बंदर चालवताहेत, आणि माल वाहतात चक्क समुद्री सर्प! इंग्रज आरमार दटावायला जातं आणि तोंडावर आपटतं. १८०५ ला ट्रॅफल्गर जिंकून समुद्र आपला झाला म्हणणाऱ्यांना याहून मोठा धक्का कुठला?

हे चीनलाच का जमलं, त्याचं उत्तर दुसऱ्या भागातच आहे. तिथे ड्रॅगन शिकतात, कमावतात, माणसांसारखे रस्त्यावर वावरतात. इंग्लंडात त्यांना लोकांपासून दूर तळावर ठेवतात. ज्याला माणूस मानाल तो तुमची ताकद होतो, एवढं साधं गणित आहे.

आणि आपण? पाचव्या भागात वेल्स्ली इंग्लंड वाचवायला उभा राहिला की आपणही टाळ्या वाजवतो. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा तोच हा! त्याच्या विजयात रंगायचं आणि साम्राज्याला कुणी 'इथे तुमचं काही चालणार नाही' म्हणतं, तेव्हा जांभया द्यायच्या... हे मला तरी पटत नाही.

असो. सहावा भाग सोडू नका. वाळवंट लांब आहे खरं, पण ते ओलांडल्याशिवाय ते बंदर दिसत नाही.