कारवाई कळवणार कोण?

अमेरिकेत डॉक्टरांना परवाना देण्याचे काम राज्ये करतात. त्यामुळे एका राज्यात परवाना गेलेला डॉक्टर दुसऱ्या राज्यात पाटी लावून बसला, तर तिथल्या रुग्णालयाला त्याचा पूर्वेतिहास कळण्याची सोय फारशी नव्हती. १९८६ च्या कायद्याने ती केली आणि १ सप्टेंबर १९९० पासून ‘नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक’ सुरू झाली. परवाना निलंबित झाला, निष्काळजीपणाच्या दाव्यात भरपाई द्यावी लागली किंवा रुग्णालयाने शस्त्रक्रियेचे अधिकार काढून घेतले, की तिथे नोंद होते. डॉक्टरला रुजू करून घेताना आणि पुढे दर दोन वर्षांनी ती तपासणे रुग्णालयांना सक्तीचे आहे.

पैशांच्या लबाडीसाठी १९९६ च्या कायद्याने वेगळी बँक काढली. न केलेल्या तपासण्यांची बिले लावल्याबद्दल झालेली शिक्षा, मेडिकेअरसारख्या सरकारी योजनेतून झालेली हकालपट्टी अशा गोष्टी तिच्यात जात. २०१३ मध्ये दोन्ही एक झाल्या, ते योग्यच झाले. खोटी बिले आणि खोटे उपचार यांच्यात भिंत नसते. मिशिगनमधला कर्करोगतज्ज्ञ फरीद फता कर्करोग नसलेल्यांनाही केमोथेरपी देऊन विम्याचे पैसे उकळत होता. २०१५ मध्ये त्याला ४५ वर्षांची कैद झाली.

कागदावर ही चौकट भक्कम दिसते. पण अधिकारांवरचे निर्बंध तीस दिवसांहून अधिक काळ टिकले, तरच रुग्णालयाने ते कळवायचे असतात. त्यामुळे निलंबन तीस दिवसांच्या आत आटोपले की कळवण्याचा प्रश्नच मिटतो. चौकशी चालू असताना दिलेला राजीनामा कळवावा लागतो. म्हणून आधी चौकशी मिटवायची आणि मग राजीनामा घ्यायचा, हीदेखील एक वाट. भरपाईच्या दाव्यातून डॉक्टरचे नाव वगळून रुग्णालयाच्या नावाने तडजोड केली, तर तीही नोंदीतून सुटते.

याची किंमत टेक्सासमध्ये मोजली गेली. मेंदू व मणक्याचा शल्यचिकित्सक ख्रिस्तोफर डंच याला २०१२ मध्ये एका रुग्णालयाने राजीनामा देऊन जाऊ दिले. डेटा बँकेला काही कळवले नाही. पुढच्या रुग्णालयात त्याच्या हातून एक रुग्ण दगावला, एक कायमची जायबंदी झाली. परवाना निलंबित व्हायला २०१३ चा जून उजाडला. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

रुग्णालये का गप्प बसतात, हे समजायला फार खोल जावे लागत नाही. कळवले तर डॉक्टर कोर्टात खेचणार, वर्तमानपत्रात नाव येणार; हळूच नारळ दिला तर ब्याद शेजारच्याच्या दारात. ‘पब्लिक सिटिझन’ या संस्थेने २००९ मध्ये दाखवून दिले, की बँकेच्या पहिल्या सतरा वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णालयांनी अधिकारांवरच्या कारवाईची एकही नोंद पाठवली नव्हती. सगळीच काही सज्जनांनी भरलेली नसणार! सर्वसामान्य रुग्णाला तर ही बँक नावानिशी पाहायलाच मिळत नाही.

आपल्याकडे अशी देशव्यापी बँक नाही. नोंदवहीतून नाव वगळले तर ते स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करावे, असे २००२ च्या आचारसंहितेत म्हटले आहे. पण ती वैद्यक परिषदेच्या कारवाईची गोष्ट झाली. एखाद्या खासगी रुग्णालयाने गैरप्रकारामुळे दूर केलेला डॉक्टर पुढच्या रुग्णालयात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा गोड शब्दांचे अनुभवपत्र असते. देशव्यापी नोंद करायचीच ठरली, तर सक्ती रुग्णालयावर हवी, राजीनामेही तीत यावेत, दिवसांची पळवाट नको आणि न कळवणाऱ्याला चटका बसेल असा दंड हवा. नाहक अडकलेल्या डॉक्टरलाही आपले म्हणणे त्याच नोंदीला जोडता आले पाहिजे. ती मुभा अमेरिकेत आहे.